पाच बावीसपेक्षा कमीच

१४ डिसेंबर २०२४, शनिवार. सैक, जबल अख्दर.

ओमानमध्ये चोवीस वर्षं मी खोल्या थंड करतोय. आज पहिल्यांदा एक खोली गरम करायला पाठवलं. खाटकाला अंडी उबवायला बसवावं तसं.

डोंगर चढायच्या आधी चौकी लागते. तिथल्या पोलिसाने आमच्या पिकअपवरचं एसीचं चित्र पाहिलं, वर डोंगराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एसी? वर? आज?" मी म्हटलं, इन्शाल्ला. तो हसता हसता बाजूला झाला.

वर अर्बाब, म्हणजे मालक, खलफान यांचं गेस्ट हाउस. सहा खोल्या, मध्ये मोठी मजलिस म्हणजे बैठकीची खोली, आणि मजलिसमध्ये इटलीहून आणवलेला पेलेट स्टोव्ह. लाकडाचा भुसा दाबून बोटाच्या पेराएवढ्या कांड्या करतात. त्या मागच्या पेटीतून आपोआप खाली सरकतात आणि जळतात, पंखा गरम हवा फेकतो. कधी पेटायचं आणि कधी विझायचं, हे भिंतीवरच्या थर्मोस्टॅटने सांगायचं. तोच आठवडाभर गप्प होता.

अर्बाब गल्फमधल्या हिंदीत थेट मुद्द्यावर आले. "मशीन खराब, या आदमी खराब? तुम इंजिनियर, तुम देखके बोलो. मशीन खराब, मशीन चेंज. आदमी खराब, आदमी चेंज."

ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो आदमी तिथेच काहव्याचा, अरबी कॉफीचा, ट्रे धरून उभा होता. हारून मुकादम, दाभोळचे. वय सत्तावन्न, त्यातली एकोणीस वर्षं या डोंगरावर. खोल्या, बाग, स्वयंपाक, पाहुणे आणि अर्बाबची आई, सगळं एकटे बघतात. आई ऐंशीच्या पुढे आहे. हिवाळ्यातही खाली उतरत नाही, दिवसभर मजलिसमध्ये बसून असते. गल्फच्या रिवाजाने हारूनभाई तिला 'मामा' म्हणतात. मला दर वेळी वसईचे माझे मिशीवाले पीटरमामा डोळ्यांसमोर येतात.

इटालियन थर्मोस्टॅट उघडला. बॅटरी गळून आत हिरवा चिखल झाला होता. गाडीतला आमचा नेहमीचा काढला, मस्कतमधल्या हजार खोल्यांत मी लावलाय तो. दोन वायरी, दोन स्क्रू, दहा मिनिटं. बावीसवर ठेवला. मजलिसमध्ये काचेतून इतकं ऊन येत होतं की मी जॅकेट काढून ठेवलं होतं, आणि तरी स्टोव्ह पहिल्या फटक्यात पेटला. चाचणी यशस्वी.

हारूनभाई डोळे बारीक करून त्या डब्याकडे बघत होते. "टेरेन्सभाई, ह्याच्यावर बर्फाचं चित्र हाय वो."

"सगळ्यांवर असतं, हारूनभाई. ती कंपनीची खूण."

"हां, मग आसंल."

मस्कतच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात मी दर वर्षी एक विनोदी लेख देतो. पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक आत्ताच मिळालं. हारूनभाईंची वाक्यं इथे जशीच्या तशी उतरवत जाणार आहे.

२१ डिसेंबर, शनिवार. अल् खुवैर, मस्कत.

हारूनभाईंचा व्हॉइस मेसेज: "टेरेन्सभाई, तुमचा डबा पहाटे फजरला झोपतो आनि दुपारी उठतो. एकदम अर्बाबच्या धाकट्या पोरासारका. काय तरी करा, मामा सकाळी थरथरते."

फ्लावियाला ऐकवला. हसली. मग म्हणाली, "त्या बाईला गोधडी तरी दे कोणीतरी." माझ्या बायकोला विनोद पुरता कधी कळत नाही. मध्येच तिला माणसं दिसायला लागतात.

२६ डिसेंबर, गुरुवार. सैक.

नाताळचा उरलेला केक घेऊन वर आलो. मामाने एक तुकडा घेतला आणि अरबीत बराच वेळ काहीतरी सांगितलं. हारूनभाईंनी त्याचं मराठी केलं: "गोड कमी हाय म्हनते."

सकाळी साडेसातला पोचलो तर स्टोव्ह व्यवस्थित जळत होता आणि मामा त्याच्यासमोर पाय पसरून बसली होती. मी खूश. मग भिंतीकडे पाहिलं. थर्मोस्टॅट पाचवर! बाहेर गवतावर बर्फ धरलेला, आत म्हातारी, आणि या माणसाने यंत्राला पाच अंश मागितलेत.

"हारूनभाई, हे काय?"

"पाचवर ठेवला की पेटतो. तीसवर नेला की इझतो."

"उलटं सांगताय तुम्ही."

"मी नाय उलटा सांगत. तो उलटा हाय."

मी बावीसवर केला. स्टोव्ह जळतच राहिला. "बघा," म्हटलं, "बावीसवरही जळतोय."

"आता गरम झालाय ना खोली. आता जळनारच."

असल्या तर्कावर माणूस काय बोलणार? ही ओळ लेखात पहिल्या परिच्छेदात घ्यायची.

दिवसभर सगळं उघडून पाहिलं. कांड्या कोरड्या, सरकवणारा स्क्रू ठीक, पेटवणारी सळई ठीक, धुराचा पाइप साफ. संध्याकाळी खोली गार पडू दिली. वीसवर आल्यावर स्टोव्ह विझला. पेटायच्या जागी विझला. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. मग लक्षात आलं, हारूनभाई मामासाठी दार उघडझाप करत होते. वाऱ्याचा झोत आला की धुराचा सेन्सर स्टोव्ह बंद पाडतो. रिपोर्टात लिहिलं: दार बंद ठेवणे.

परतताना घाटात उगाच उदास वाटलं. बावन्न वर्षांचा माणूस एका चुलीपुढे दिवसभर उकिडवा बसतो आणि चूल त्याला भीक घालत नाही.

३० डिसेंबर, सोमवार. अल् खुवैर.

अंबरीशने केबिनमध्ये बोलावलं. आमचा ऑपरेशन्स मॅनेजर. पुण्याचा, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, मला 'टेरेन्स सर' म्हणतो. एखाद्याला काढायच्या आधी पुण्याची माणसं जशी आदराने बोलतात तसा बोलला.

"टेरेन्स सर, एका स्टोव्हसाठी दोन व्हिजिट? क्लायंट म्हणतोय अजून प्रॉब्लेम आहे. मार्चमध्ये सीनियर लोकांचा रिव्ह्यू आहे, तुम्हाला माहीतच आहे. हे कम्प्लेंटचं तिकीट बंद करा ना प्लीज."

सीनियर लोक म्हणजे मी आणि आणखी एक. लेकीची, कॅरलची, बारावी एप्रिलपर्यंत आहे. फ्लावियाला अजून सांगितलेलं नाही.

४ जानेवारी २०२५, शनिवार.

हारूनभाईंना मीच सांगितलं होतं की चार दिवस खोलीचं तापमान लिहून ठेवा. त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून फोटो पाठवलाय. अक्षर सुंदर आहे. वेळा घड्याळाच्या नाहीत, नमाजाच्या आहेत; फजर म्हणजे पहाट, जोहर दुपार, असर उतरती दुपार, ईशा रात्र:

फजर. आठ अंश. इझलेला, निजताना परत बावीसवर नेला होता. मामा थंड. पाचवर केला, पेटला. मग खोली तापल्यावर परत बावीसवर नेला, तुम्ही सांगितलं म्हणून. चालूच.
जोहर. सव्वीस. चालू.
असर. एकतीस. चालू. मामा अंगणात पळाली. तीसच्या वर काटा जाईना, म्हणून बटन मारून बंद केला.
ईशा. चौदा. बटन चालू केलं. बावीसवर पेटत नाय. पाचवर केला. पेटला.

चारही दिवस हेच, एखाद-दोन अंशांचा फरक. मी अंबरीशला फोटो दाखवून म्हटलं, यावरून एवढंच सिद्ध होतं की हारूनभाई वेळेवर नमाज पढतात. अंबरीश खूप हसला. मलाही बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी वरिष्ठ माझ्या विनोदाला हसला होता.

निष्कर्ष: माणूस सतत काटा हलवतो, म्हणून यंत्र गोंधळतं.

११ जानेवारी, शनिवार. सैक.

मस्कतमधल्या शाळांत आणि बँकांत जे करतो तेच केलं. थर्मोस्टॅटवर प्लास्टिकचं पारदर्शक कव्हर बसवलं, कुलूपवालं. आत बावीस. किल्ली माझ्या खिशात.

हारूनभाई शिडी धरून उभे होते. कुलूप लागल्यावर म्हणाले, "आनि पेटला नाय तर?"

"पेटेल. त्याला कोणी हात लावला नाही की तो पेटेल."

"तुमी आज ऱ्हावा हितं. फजरला बघा डोळ्यानं."

"उद्या माझी साइट आहे."

"किल्ली तरी ठेवा माज्याजवळ. खुदा की कसम, नाय लावनार हात. अडली वेळ आली तरच."

मी म्हटलं, "हारूनभाई, किल्ली तुमच्याजवळ ठेवायची तर कुलूप कशाला लावलं?" ते शिडी मिटून घेऊन गेले. वाक्य जमलं होतं. ते का हसले नाहीत कुणास ठाऊक.

१५ जानेवारी, बुधवार.

सकाळी सातला अर्बाबचा फोन. मामा खाली निझवाच्या इस्पितळात. फजरला हारूनभाईंना ती मजलिसमध्ये सापडली. ओठ निळे, बोलत नव्हती. खोली सहा अंशांवर, स्टोव्ह विझलेला. आणि भिंतीवरचं कव्हर दगडाने फोडलेलं.

"किसने तोडा?" अर्बाबनी विचारलं.

"मैंने तोडा," हारूनभाई म्हणाले म्हणे.

अर्बाब मला म्हणाले, "कल आओ. लिखके दो. मशीन, या आदमी."

फ्लाविया सगळं ऐकत होती. म्हणाली, "फोडलं म्हणून विझला, की विझला म्हणून फोडलं?"

मी चिडलो. म्हटलं, "तुला तांत्रिक काही कळत नाही तर मध्ये पडू नको."

ती म्हणाली, "तांत्रिक कुठे विचारलं मी?"

१६ जानेवारी, गुरुवार. सैक.

मामाला धोका नाही. इस्पितळातून तिला थेट मस्कतच्या समुद्राकाठी, कुरुमला मुलीकडे नेणार आहेत, हिवाळाभर. वर परत आणणार नाहीत. ती फार रडली, असं अर्बाब म्हणाले. साठ वर्षांत तिने एकही हिवाळा डोंगराखाली काढलेला नाही.

मजलिसमध्ये आम्ही तिघे. ऊन चढलेलं होतं आणि तो हरामखोर स्टोव्ह मजेत जळत होता.

हारूनभाई शांतपणे बोलले, हिंदीत, अर्बाबना कळावं म्हणून. "अर्बाब, ये पाँच पे रखो तो जलता है. बाईस पे रखो तो ठंड में नहीं जलता. मैं एक महिना बोल रहा हूँ. मामा ठंडी हो गयी थी. मैंने तोडा, पाँच किया, जला. मामा को आँच मिली. फिर गाडी बुलायी."

अर्बाब माझ्याकडे वळले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुम इंजिनियर. पाँच में बाईस से ज्यादा गरम होता है?"

मी म्हटलं, "अर्बाब, ओमान हो या इंडिया, पाँच बाईस से कम ही होता है."

अर्बाब हसले नाहीत. मान डोलावली. "सही," म्हणाले. "खलास."

हारूनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं.

रिपोर्ट तिथेच लिहिला, एक पान. यंत्र निर्दोष. थर्मोस्टॅट नवा. देखरेख करणाऱ्याने सेटिंगमध्ये वारंवार ढवळाढवळ केली आणि संरक्षक कव्हर तोडलं. सही, शिक्का. नवीन कव्हर बसवलं.

तिकीट बंद झालं. अंबरीशने अंगठा पाठवला.

२० जानेवारी, सोमवार.

हारूनभाईंचा व्हिसा रद्द होतोय. बुधवारची फ्लाइट. आज त्यांचे तीन मिस्ड कॉल. पहिल्या वेळी गाडी चालवत होतो. दुसऱ्या वेळी मीटिंग होती. तिसऱ्या वेळी फोन हातात होता.

लेखाचा कच्चा खर्डा उघडला. एक वाक्य सुचलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार.

जागेवर नवा माणूस आलाय. झुबेर, चितगावचा. आज त्याचा पहिला फोन. नंबर बहुधा भिंतीवरच्या स्टिकरवरून घेतला असेल. "सर, ये चूल्हा सुबह में बरफ, दोपहर में आग. मैं हाथ नहीं लगाता सर, ताला लगा है. अल्ला कसम, हाथ नहीं लगाया."

फोन ठेवल्यावर बराच वेळ पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. एसी चालू होता.

हात लावणारा माणूस गेला. कुलूप आहे. आणि स्टोव्ह तेच करतोय.

३ फेब्रुवारी, सोमवार.

जेवताना फ्लावियाला झुबेरचं सांगितलं. कॅरल कानात वायर घालून बसली होती, तीसुद्धा ऐकायला लागली.

फ्लाविया भात वाढता वाढता म्हणाली, "तू त्याला एसीचाच डबा लावला असशील. आयुष्यभर थंड करत आलात तुम्ही लोक. गरम करायचं कुठे माहीत आहे तुम्हाला!"

कॅरल हसली. "Good one, Mamma."

मीही हसलो. मग ताट तसंच ठेवून उठलो.

४ फेब्रुवारी, मंगळवार. ऑफिस.

सगळे यायच्या आधी आलो. स्टोअरमधून त्याच जातीचा थर्मोस्टॅट घेतला, त्याला मीटर जोडला, बावीसवर ठेवला. पँट्रीच्या फ्रिजमध्ये ठेवून दार लावलं, वायर फटीतून बाहेर. मीटर मेला. दहा मिनिटं मेलेलाच. बाहेर काढून दोन्ही तळहातांत धरला, फुंकर मारली. टक्. मीटर जिवंत.

परत फ्रिजमध्ये. गप्प. परत हातात. टक्.

हे मला चोवीस वर्षं माहीत आहे. खोली तापली की तो म्हणतो, चालू हो. खोली गार झाली की म्हणतो, बस. मस्कतमध्ये त्याच्याकडून आणखी काही मागायची वेळच कधी आली नाही. त्याच्यावर बर्फाची खूण असते, कारण तो गार करण्यासाठीच बनलेला असतो. मी त्याला चुलीला जोडला. पहाटे म्हातारी गारठली की तो चुलीला म्हणायचा, बस, पुरे. दुपारी ऊन आलं की म्हणायचा, पेट.

आणि पाचवर ठेवला की खोली पाचापेक्षा गरम असतेच. म्हणून पेटायचा. हारूनभाईंनी एका आठवड्यात ते यंत्र माझ्यापेक्षा जास्त ओळखलं होतं.

ही वही मागे चाळली. सगळं इथे आहे. तापमानं, वेळा, त्यांचा प्रत्येक शब्द, माझ्या हाताने उतरवलेला, हसण्यासाठी. रिपोर्टात त्यातलं एक अक्षर नाही.

पँट्रीत चहा करायला अंबरीश आला. "सर, फ्रिजमध्ये काय शिजवताय?"

६ फेब्रुवारी, गुरुवार. सैक.

हीटिंगचा थर्मोस्टॅट मस्कतच्या रूवीत एका जुन्या दुकानात मिळाला. एक धूळ खात पडला होता. सकाळी नऊ अंशांत बसवला. स्टोव्ह पेटला. बावीसला विझला. वीसला पुन्हा पेटला. झुबेर टाळ्या वाजवायचा बाकी होता.

अर्बाबना मजलिसमध्ये बसवून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "हारून सही था?"

"हां, अर्बाब."

"तुमने लिखा, आदमी खराब."

"हां."

ते उठून खिडकीशी गेले. खाली डाळिंबांच्या निष्पर्ण बागा दिसतात तिथून. "उन्नीस साल," म्हणाले. "मेरे बाप को उसने नहलाया, आखिरी दिन." मग वळून म्हणाले, "अब क्या? झुबेर को भेज दूँ? उसके तीन बच्चे हैं. उसने क्या किया?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. दारापर्यंत सोडायला आले, एवढंच.

घाट उतरताना दोनदा गाडी थांबवावी लागली. ब्रेक तापले होते म्हणून एकदा.

८ फेब्रुवारी, शनिवार.

दाभोळला फोन लावला. त्यांच्या बायकोने, बिलकीसभाभींनी उचलला. माझं नाव ऐकल्यावर फोन थेट हारूनभाईंच्या हातात दिला.

मी सगळं सांगितलं. यंत्रात काय चुकलं तेही सांगत बसलो. त्यांनी मला मध्येच तोडलं.

"ते मला नका सांगू. ते मला तुमच्या आधीपासून ठावं हाय."

"हारूनभाई, माफ करा."

"मामा कुठं हाय?"

"कुरुमला. बरी आहे."

"बरी कशी आसंल? समुद्राचा वास आला की तिला वकारी येते." मग म्हणाले, "टेरेन्सभाई, मी मराठीत बोलत होतो तुमच्याशी. अर्बाबला नाय कळला, समजू शकतो मी. तुमाला काय झालं होतं?"

त्यांचा आवाज चढला. एवढ्या दिवसांत मी तो चढलेला ऐकला नव्हता.

"हितं माणसं काय बोलतात ठावं हाय? हारूनने मालकाच्या घरात तोडफोड केली. हारूनमुळं म्हातारी मरायची. माज्या पोरीच्या, उमामाच्या, सासरची मानसं विचारून गेली. कागद दाखवा म्हनतात. माज्याकडं कागद कुठला? कागद तुमच्याकडं. तर आता मला कागद द्या. इंग्रजीत. शिक्का मारून. मराठीतला कागद हितं कोन वाचतो?"

मी विचारलं, नव्या व्हिसासाठी उपयोग होईल का? म्हणाले, "एजंटला इचारलं. हसला तो. ह्या वयाचा मानूस कोन घेतो नवीन? त्याच्यासाठी नाय मागत मी."

१० फेब्रुवारी, सोमवार.

इंग्रजीत पत्र लिहिलं. आयुष्यात वीसेक विनोदी लेख लिहिले असतील, या चार ओळींना दुपार गेली. सैकच्या गेस्ट हाउसमध्ये स्टोव्हला चुकीच्या प्रकारचा थर्मोस्टॅट बसवला गेला होता. त्यामुळे स्टोव्ह थंडीत बंद पडत असे. श्री. हारून मुकादम यांनी हे वेळोवेळी निदर्शनास आणलं होतं. कव्हर त्यांनी एका वृद्ध महिलेचा जीव वाचवण्यासाठी तोडलं. जानेवारीचा रिपोर्ट मागे घेण्यात येत आहे.

शिक्का मारण्याआधी अंबरीशला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं. "सर, हे पाठवू नका. लायबिलिटी आहे. उगाच कशाला? तो तर गेला ना परत."

"म्हणूनच पाठवतोय."

"मग मला दाखवलं नाही असं समजा," म्हणाला आणि लॅपटॉपकडे वळला. तेवढा तो चांगला आहे.

शिक्का मारून पाठवलं. हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

सकाळी त्यांची मुलगी उमामा हिचा व्हॉइस मेसेज. तिचं बी.ए. झालं आहे, मराठी माझ्यापेक्षा नीट बोलते.

"काका, पत्र मिळालं. मी अब्बांना वाचून दाखवलं. चांगलं आहे. पण त्यात डबा बसवला गेला असं आहे, कुणी बसवला ते नाही. अब्बा म्हणतात, इथले लोक म्हणतील तूच बसवला असशील. एकोणीस वर्षं सगळं तूच करत होतास ना. तर तेवढं नाव लागेल."

मी तीन वेळा ऐकला. मग कालचं पत्र काढून पाहिलं. खरंच नव्हतं. आणि ते राहून गेलं असं स्वतःला सांगायचा प्रयत्न करून पाहिला. जमेना. चार ओळींना दुपार का लागली होती ते मला माहीत आहे.

फ्लावियाला आज सगळं सांगितलं, मार्चच्या रिव्ह्यूसकट. ती भांडली नाही. कॅरलच्या परीक्षेची तारीख कॅलेंडरवर बघून आली, मग समोर बसली. "नाव टाकलं तर काढतील?"

"बहुतेक."

"आणि नाही टाकलं तर?"

"तरी मार्चमध्ये काढतील, बहुतेक."

"मग तू विचारतोयस काय मला?"

मी विचारत नव्हतो. पण ती म्हणाली तेव्हा कळलं की विचारतच होतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

नवं पत्र. पहिली ओळ: हा थर्मोस्टॅट मी, टेरेन्स अँथनी तुस्कानो, १४ डिसेंबर २०२४ रोजी बसवला. श्री. मुकादम यांनी त्याच दिवशी मला त्यावरची खूण दाखवून शंका विचारली होती. मी ती उडवून लावली. पुढचं तसंच. दाभोळला, अर्बाबना आणि अंबरीशला, तिघांना एकदम पाठवलं, म्हणजे नंतर मला शब्द फिरवता येणार नाही.

दुपारी अंबरीशने बोलावलं. सर म्हणाला नाही. महिनाअखेरीपर्यंत टेबल रिकामं करायचं.

अर्बाबचं उत्तर आलं, अरबीत, एक ओळ. रिसेप्शनवरच्या मुलीकडून वाचून घेतलं. 'हे मी आईला वाचून दाखवलं.' पुढे काही नाही. मामा वर परत जाणार का, ते लिहिलेलं नाही. विचारायचा हक्क मला उरला आहे असं वाटत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

उमामाचा मेसेज, बाराच्या सुमाराला.

"काका, पत्र अब्बांनी दोनदा वाचून घेतलं. तुमचं पूर्ण नाव कसं उच्चारायचं ते विचारलं मला. तीनदा म्हणून बघितलं. आत्ता जुम्म्याला निघाले. कागद घडी घालून खिशात घेतलाय."

तिकडे आत्ता नमाज सुटला असेल. माणसं मशिदीच्या पायऱ्यांवर चपला शोधत असतील. कोणीतरी कागद उलगडला असेल.